दोन मणांच्या अलीकडे

आमच्या भागात तेव्हा माणसाचं वजन कुणी करत नसे. काट्यावर चढायचा तो कापूस, नाहीतर ज्वारी, तूर, गुळाच्या ढेपा. माणूस जाडा की वाळका हे दिसतंच, त्याला आकडा कशाला लागतो? मला तो लागला, आणि तोही बैलांपायी.

माझ्या काकाची पटाची जोडी होती. पट म्हणजे बैलांची शर्यत. कापूस वेचून झाला, ज्वारी खळ्यावर आली की पौष-माघात वाशीमच्या चारी अंगांना माळांवर पट भरायचे. दोन छकडे शेजारी शेजारी उभे करायचे, झेंडी पडली की सोडायचे, ज्याचा छकडा आधी पार झाला तो पुढच्या फेरीला. छकडा म्हणजे दोन चाकं आणि बैलांच्या मधून पुढे गेलेली एक दांडी. हाकणारा त्या दांडीवर उकिडवा बसतो. तो जितका हलका तितकी जोडी मोकळी पळते. काका काटकुळा होता, नुसत्या शिरा आणि हाडं. त्याचं नाव केनवडपासून मेडशीपर्यंत होतं. पोरं त्याच्या पटक्याचा रंग सांगू शकत.

माझे आईबाप मी लहान असताना एकाच साथीत गेले. काकाची बायकोही तेव्हाच गेली. मग त्या घरात राहिलो काका, मी आणि बैल. काकाला बैल वाढवता येत होते, मूल वाढवायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने मला बैलांसारखंच वाढवलं. सकाळी धारोष्ण दूध, भाकरीवर तुपाचा गोळा, दुपारी वरणात पुन्हा तूप. "खाय लेका, हाडं भर," म्हणायचा. मी हाडं भरली आणि त्यावरही भरत राहिलो.

पण अंग सुटायच्या आधी एक गोष्ट घडली होती आणि तिनेच पुढचा सगळा घोळ केला. मिसरूड फुटायच्या वयात, अजून सडपातळ असताना, मी एकदा काकाची जोडी शेतातून घरी आणत होतो. गाडरस्त्यावर मागून शेजारच्या गावच्या एका नावाजलेल्या पटकऱ्याचा छकडा आला आणि त्याने गंमत म्हणून मला डिवचलं. मी कासरा सैल सोडला. काय झालं ते माझं मलाच नीट कळलं नाही, पण नाल्यापर्यंत मी त्याच्या बराच पुढे होतो. नाल्यावर धुणं धूत असलेल्या बायांनी आणि गुरांना पाणी पाजणाऱ्यांनी ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. "त्या पोट्ट्याच्या हातात कासरा असला म्हंजे बैलं पळत नाई, उडतात."

त्यानंतर मी जाडा होत गेलो आणि पटाच्या दांडीवर कधी बसलोच नाही. तरी ते बोलणं काही विझलं नाही. उलट वाढलं. पारावर कुणी ना कुणी म्हणायचंच, "हा अंगानं हलका असता ना बाप्पा, तर याच्यापुढे कोनी टिकलं नसतं." मी मान खाली घालायचो. आतून गोड वाटायचं.

काका पडला तेव्हा माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मेडशीकडच्या एका पटात चाक खड्ड्यात गेलं, छकडा उलटला, आणि एक चाक काकाच्या कमरेवरून गेलं. वाचला, पण पाय ओढत चालू लागला. दांडीवर उकिडवं बसणं संपलं. एक साल त्याने भाड्याचा हाकणारा ठेवला. तो बैलांना पुराणी, म्हणजे अणकुचीदार काठी, टोचायचा. काकाने त्याला भरल्या माळावरून हाकलून दिलं आणि घरी येऊन मला म्हणाला, "चाल, शिरपूरले जाऊ."

शिरपूरला जैन मंदिराच्या वाटेवर एका शेटजींचं दुकान होतं. आमचा कापूस आणि ज्वारी ते घेत, आम्ही गूळ, मीठ, कापड त्यांच्याकडून नेत असू. दुकानापुढे तीन वाशांच्या लाकडी तिकाटण्याला पोत्यांचा मोठा तराजू टांगलेला असे. शेटजी हसऱ्या तोंडाचे, कानात अत्तराचा बोळा.

"काय आनलं पाटील? तूर?"

"पुतन्या आनला," काका म्हणाला. "तोला."

बाजाराचा दिवस होता. मी पारड्यात मांडी घालून बसलो. समोरच्या पारड्यात शेटजींचा माणूस वजनं रचत होता आणि माझं पारडं जागचं हलत नव्हतं. लोक जमले. एका म्हातारीने विचारलं, "कशाचा नवस हाये?" हसण्याचा गलका झाला. शेवटी मी वर उचललो गेलो तेव्हा शेटजींनी सांगितलं, अडीच मणाला थोडा कमी.

काकाने बोटांवर काहीतरी जुळवलं. "दोन मनाच्या आत ये," तो म्हणाला. "मंग जोडी तुयी."

मी लागलो कामाला. खरंच लागलो. दूध बंद, तूप बंद. बायको ज्वारीची एक भाकर, अंबाडीची भाजी नाहीतर ठेचा आणि लोटाभर ताक पुढे ठेवायची आणि स्वतः दुसरीकडे तोंड करून जेवायची, मला तिचं ताट दिसू नये म्हणून. ती मेडशीकडची. बोलायला कमी आणि कामाला वाघ. दिवसभर मी शेतात बांध घालायचो, पऱ्हाट्या उपटायचो, दगड वाहायचो. पहिले काही दिवस रात्री पोटात मांजर ओरडल्यासारखं व्हायचं. पुढे ते शांत झालं. धोतराची गाठ मागे सरकत गेली. दर पंधरवड्याला शिरपूरला जाऊन तोललं की समोरच्या पारड्यातलं एखादं वजन कमी झालेलं असायचं. शेटजींनाही नाद लागला. मी दिसलो की गिऱ्हाईक सोडून पुढे यायचे.

पौष लागला तेव्हा दोन मणांवर जेमतेम चार-पाच शेर उरले होते.

"झालं म्हना," शेटजी म्हणाले. "पुढच्या टायमाले दोन मनाचंच वजन टाकतो, त्याच्यावर काही नाई."

त्या दिवशी परत येताना मला धड चालता येईना. म्हणजे पाय चालत होते, पण मी कधी भरभर जायचो, कधी उगाच थांबायचो. वाटेत जो भेटेल तो म्हणायचा, "आता काय, यंदा तूच!" काकाने छकड्याला नवीन वंगण घातलं होतं. अंगणात तो तसा सज्ज उभा पाहिला आणि माझ्या तळहातांना घाम सुटला. घरात बसवेना. गोठ्यात गेलो, तिथून खळ्यावर, खळ्यावरून परत. बायकोने विचारलं, "काय हारपलं?" मी म्हटलं, "काही नाही."

दोन दिवसांनी मारुतीच्या देवळात रोडगे होते. गावजेवणच ते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, फोडले की वाफ येते, त्यावर तूप, वरण आणि वांग्याची भाजी. काका म्हणाला, प्रसादापुरतं घे. मी प्रसादापुरतं घ्यायलाच बसलो होतो. मला भूक नव्हती, हे मी आज शपथेवर सांगतो. पण पहिला रोडगा फोडला आणि गेले दोन दिवस आत जे भिरभिरत होतं ते थांबलं. हात आपला तोंडाकडे जातो आहे, वाढणारा येतो आहे, मी नाही म्हणत नाही. पंगती उठल्या. दुसऱ्या पंगतीतही मी बसलेलाच. वाढणाऱ्यानेच अखेर हात आखडला.

मग ते थांबलंच नाही. संक्रांतीचा तिळगूळ, शेजारच्या शेतातला हुरडा, त्यावर दही, शेंगदाण्याची चटणी. पंधरवड्याने पारड्यात बसलो तेव्हा शेटजींनी दोन मणांची वजनं टाकली आणि मी जमिनीवरून हललो नाही. ते आणखी वजनं आणायला गेले. परत येईपर्यंत मी पारड्यात तसाच बसून राहिलो, समोरच्या रस्त्याने मंदिराकडे जाणारे यात्रेकरू बघत.

त्या वर्षी जोडी दुसऱ्याच कुणीतरी हाकली आणि ती मागे पडली. माळावर मी काकाच्या शेजारी उभा होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "हा असता दांडीवर तर आज चित्र येगळं असतं." काकाने ओठ चावला. माझी मात्र छाती नकळत पुढे आली. ती पुढे आल्याचं मला तिथल्या तिथे जाणवलं, आणि मी लगेच उसाच्या रसवाल्याकडे निघून गेलो.

दुसऱ्या साली पुन्हा तेच ठरलं. या खेपेला मी सावध होतो. रोडग्यांना गेलो नाही, हुरड्याला गेलो नाही, सणासुदीला शेतातच राहिलो. वजन उतरत गेलं, गेल्या वर्षीपेक्षाही लवकर. शेटजी आता दोन मणांच्या वर फक्त लहान लहान वजनं टाकत होते, आणि ती एकेक करून परत उचलत होते. माझ्या गालाची हाडं दिसू लागली. विहिरीत पोहरा सोडताना खाली पाण्यात जो चेहरा दिसायचा तो मला ओळखीचा वाटेना. काकासारखा दिसत होतो मी.

आणि पुन्हा ती हुरहुर सुरू झाली. काम करताना कुदळ अर्ध्यात टाकून उभा राहायचो. झोपेत पाय हलायचे. बायको म्हणायची, "रातभर कुटं चालत होते तुमी?"

बैलांना खाऊ घालायचं काम माझ्याकडे होतं. पटाच्या जोडीचा खुराक राजासारखा असतो. सरकी, भिजवलेली डाळ, आणि दुपारी कणीक, गूळ, तूप एकत्र मळून केलेले मुठीएवढे गोळे. एका दुपारी जोडीतल्या पांढऱ्याला गोळा देताना हाताला गूळ चिकटला. तो मी चाटला. एवढंच. दुसऱ्या दिवशी अर्धा गोळा खाल्ला. मग रोज एक पांढऱ्याला, एक राखाडीला आणि एक मला असं होऊ लागलं, आणि मग हिशेब उलटा झाला. मी घरात बिनतुपाची भाकर सगळ्यांच्या देखत खायचो, आणि गोठ्यात बैलांचं तूप.

काकाच्या नजरेतून बैल सुटणं कठीण. एक दिवस त्याने पांढऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तकाकी कमी वाटते बे. खातात ना?"

"खातात की."

"आन तुयं वजन काहून अडलं?"

"अडत नाई काका. हळू उतरून राह्यलं."

मग ती दुपार आली. मी गोठ्यात दावणीला टेकून बसलो होतो. तोंडात गोळा होता. पांढरा बैल मान लांब करून माझ्या हाताकडे बघत होता, दुसरा गोळा हातात होता म्हणून. बायको शेण भरायला टोपलं घेऊन आत आली आणि दारातच थांबली. मला गिळवेना आणि थुंकवेना. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बैलाकडे.

"तो वाट पाहून राह्यला," ती म्हणाली.

मी हात पुढे केला. बैलाने गोळा उचलला. तिने टोपलं खाली ठेवलं आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही.

"मले एक सांगा. भूक लागते काय तुमाले? मी भाकर कमी देतो काय?"

"नाई."

"मंग?"

मी हाताला चिकटलेला गूळ धोतराला पुसला.

"काकाजीसारखे पडाल म्हनून भेव वाटते काय?"

हे सांगायला सोपं होतं. काकाचा पाय रोज डोळ्यांपुढे फरफटत होता, कुणालाही पटलं असतं. मी होकाराची मान हलवली.

"नाई," ती म्हणाली. "तुमी पडाले भेनारे नाई. झाडाच्या शेंड्यावर जाऊन शेंगा तोडता. तुमाले जोडी हाकाचीच नाई. लोकाईनं हा असता तर असं झालं असतं म्हनावं, तेच तुमाले पाह्यजे."

माझ्या कानशिलात काहीतरी पेटलं. मी उठलो, तिला काहीबाही बोललो. तू मेडशीची, तुला पटातलं काय कळतं, असलं काहीतरी. आणि तरातरा चालू लागलो. गावाबाहेर पडलो, शिरपूरच्या वाटेला लागलो, मग शिरपूरला शेटजी भेटतील म्हणून वाट सोडली आणि रानातून हिंडत राहिलो. तूर फुलली होती. कुठे कुणी राखणदार "कोन हाये?" म्हणून ओरडला की पुढे सरकायचो. तिचं बोलणं खोटं ठरवायला मी मनात एकेक गोष्ट उभी करत होतो आणि ती उभी राहत नव्हती. मला आठवत होती ती मागच्या वर्षीची माळावरची माझी पुढे आलेली छाती. हातातोंडाशी आलेला घास दैव काढून नेतं असं लोक म्हणतात. माझ्याकडून तो कुणीच काढून नेला नव्हता.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काका ओसरीवर बसून दोर वळत होता.

"बस," म्हणाला.

मी बसलो.

"सुनेनं मले काही सांगतलं नाई," तो म्हणाला. "पन परवा तुया मिशीले तूप होतं. अन् तिनं तुले कोरडी भाकर देल्ली होती. मले समजलं."

मी मिशीवरून हात फिरवला.

"काटा बंद," काका म्हणाला. "आता शेटकडे जाचं नाई. यंदा जोडी तूच हाकशील. हायेस तसा."

"काका, शेर-दोन शेरच राह्यले. पुढच्या बाजारापर्यंत उतरवतो. खरंच उतरवतो."

"शेर-दोन शेर तर दरसालीच राह्यतात."

"मी जड हाये. जोडी हारंल."

"हारंल त हारंल."

"लोक हसतील तुमाले."

काकाने दोर खाली ठेवला. "माया हाताखाली किती जोड्या हारल्या हे कोनी इचारलं काय मले? तू तरी इचारलं? जितलेल्या सगळ्याईले पाठ हायेत. मी जितलो त्याच्यापेक्षा हारलोच जास्ती. घरी येऊन बैल धुवाचे, चारा टाकाचा, झोपाचं. दुसरं काय करते मानूस?"

मला हे खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून मला काका हरलेला आठवत नव्हता.

पटाच्या आधीचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत वाईट. गंमत बघा, आता मला खरोखरच खाववेना. बायको म्हणायची, थोडं खा, हातात जोर राहायला नको का? भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा. मी काकाची विनवणी करत होतो, एकदा तोलून येऊ द्या म्हणून. कदाचित उतरलो असेन. काका ऐकेना. मी दोन मणांच्या आत होतो की बाहेर, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पट केनवडच्या अलीकडच्या माळावर होता. सकाळी निघालो. बायको गाडीत मागे बसली होती, मांडीवर भाकरीचं फडकं. एरवी ती पटाला येत नसे. माळावर धूळ, हलग्या, चहाच्या भट्ट्या, फेटे. मी छकड्याजवळ आलो तशी कुजबूज फिरली. "आज हाच हाकते म्हने!" माणसं सरकून पुढे आली. एवढ्या वर्षांचं त्यांचं बोलणं ती वसूल करायला आली होती.

पहिली फेरी एका दुबळ्या जोडीशी होती. ती कुणीही जिंकली असती. मीही जिंकलो, पण थोडक्यात. दांडी माझ्याखाली करकरत होती आणि कासरा घामाने निसटत होता. लोकांनी आरडाओरडा केला. मी मात्र त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण मला कळलं होतं की त्या धावेत माझ्या हातांनी काही केलंच नाही. बैल आपले आपण पळाले होते.

दुसऱ्या फेरीला शेजारी आला तो एक वाळका, काळासावळा हाकणारा. माझ्याच वयाचा. तो बैलांशी बोलत होता, अगदी हळू, कानात गुज सांगावं तसा. झेंडी पडली. अर्ध्या माळापर्यंत आम्ही बरोबर होतो. मग त्याने काहीतरी केलं, कासऱ्याला एक झोला दिला की आवाज काढला, मला दिसलं नाही, आणि त्याची जोडी सरकत सरकत पुढे निघून गेली. मी ओरडलो, कासरा आपटला. पांढऱ्याचे कान मागे वळले आणि पुन्हा पुढे झाले. त्याला माझ्याकडून काय हवं होतं ते मला ठाऊक नव्हतं. त्या धुळीत, समोरचा छकडा लहान होत जाताना, मला स्वच्छ समजलं की मी हलका असतो तरी हेच झालं असतं. थोडं कमी अंतराने झालं असतं, इतकंच.

छकडा थांबवून उतरलो. हरल्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही. "हा असता तर" हे शब्द त्या माळावर पुन्हा ऐकू येणार नव्हते. एक म्हातारा पटकरी माझ्याजवळून जाताना थांबला, बैलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरा हाकते," म्हणाला आणि पुढे गेला.

बरा. इतकी वर्षं जे जपलं त्याची एवढी किंमत निघाली. मी छकड्याच्या आडोशाला जाऊन बसलो. बायको आली, शेजारी बसली. तिने फडकं सोडलं, भाकर मोडून माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. पलीकडे काका पाय ओढत बैलांना हिंडवत होता, त्यांच्या तोंडाचा फेस आपल्या उपरण्याने पुसत होता. आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात पांढऱ्याला म्हणाला, "दमला रे माया राजा. घरी जाऊ."

त्यानंतर माझं वजन झरझर उतरलं असं झालं नाही. काही साल मी जोडी हाकली. बहुतेक वेळा हरलो, एकदा एका लहानशा पटात पहिला आलो, आणि त्या दिवशी कुणी पाहायला नव्हतं म्हणावं इतकी माणसं कमी होती. वजन कधी चढलं, कधी उतरलं. काही दिवस असे जायचे की मला खाण्याची आठवणच नसायची, आणि काही दिवस गुळाच्या डब्याभोवती मी बांधल्यासारखा फिरायचो. पुढे काका गेला. मग जोडी म्हातारी झाली आणि तिच्यामागे नवीन जोडी आम्ही केली नाही.

ती हुरहुर मात्र गेली नाही. ती फक्त जेवणाची नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दुसरी मोठी लढाई चालू होती त्या वर्षांत आम्ही शेतात विहीर खणायला घेतली. काळा पाषाण लागला, सुरुंग लावावे लागले, उन्हाळा सरत आला. एका सकाळी खणणाऱ्यांच्या मुकादमाने खालून ओरडून सांगितलं की खडक ओला लागतो आहे, पाणी हातभरावर आहे. मी काठावर उभा होतो. तळहात ओलसर झाले. आणि माझ्या तोंडून निघालं, "आज राहू द्या. लई दिस राबले तुमी. चार दिस घरी जाऊन या, मंग पाहू."

खालचे वर बघायला लागले. मुकादमाला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही.

बायको माणसांची न्याहारी घेऊन आली होती. तिने टोपलं खाली ठेवलं, पदर खोचला आणि विहिरीच्या काठाशी जाऊन खाली वाकली.

"कोनी घरी जानार नाई," ती म्हणाली. "भाकरी आनल्या. खाऊन घ्या अन् लागा कामाले." मग माझ्याकडे वळून, आवाज कमी करून, "तुमी तिकडे बाभळीखाली जाऊन बसा."

मी गेलो. बसवलं नाही, म्हणून बाभळीभोवती फिरत राहिलो. खालून पहारीचे ठोके येत होते. मधेच ते थांबायचे आणि माझाही पाय थांबायचा. ऊन कलायला लागलं तेव्हा खाली एकदम गलका झाला.

पाणी लागलं. थोडं मचूळ निघालं. पिण्याला नाही चाललं, पण गुरांना आणि मिरचीच्या वाफ्यांना चाललं.